प्रति: शाळा निवडली की पालकाचा हक्क संपला?

वर म्हटलंय की शाळा पटत नसेल तर दुसरी बघा, एवढाच पालकाचा हक्क. नाही पटलं. मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गेलो होतो. आम्हाला बाहेर बसवून तिला आत नेलं. द्राक्षाचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? आजोबांची पिंपळगावला द्राक्षबाग, पोरगी ठसक्यात म्हणाली, "थॉमसन!" (द्राक्षाची जात ती.) बाई म्हणाल्या, तयारी कमी पडते.

तेव्हा मुकाट्याने परत आलो. नंतर कळलं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची अशी चाचणी घेताच येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजार. देणगीला तर साफ बंदी, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.

माध्यमाचं म्हणाल तर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकार करू शकत नाही, निवड पालकांची. आम्ही मराठीच घेतलं, हौसेने. (सासूबाई अजून धुसफुसतात.)

आता सिडकोतल्या शाळेत बाई सरळ विचारतात, "यंदा आजोबांच्या बागेची छाटणी कधी?"