इल्यूशिन-२ : हिवाळी पांढऱ्याखाली कुठला रंग?

खिडकीपाशी
जमिनीवर हल्ला करणाऱ्या सोव्हिएत इल्यूशिन-२ विमानाचं १:४८ प्रमाणातलं दोन आसनी मॉडेल जोडून झालंय. स्टालिनग्राडच्या लढाईतलं, जानेवारी १९४३ चं करायचंय. किटच्या कागदावर हिरवा, तपकिरी, राखाडी असे तीन रंग आणि त्यावर बर्फात लपण्यासाठीचा पांढरा दाखवलाय. हे बरोबर आहे का?

रंगारी
तीन रंगांच्या वाटेला जाऊ नका. ती नक्षी जुलै १९४३ च्या सोव्हिएत रंगतक्त्यातली, तुमचं विमान त्याआधीचं. वरून हिरव्या-काळ्याचे मोठे वळणदार पट्टे, पोटाला फिकट निळा. या रंगांची सोव्हिएत नावं अनुक्रमे एएमटी-४, एएमटी-६ आणि एएमटी-७.

आता पांढरा. तो एमके-७ नावाचा रंग, बर्फ वितळलं की धुऊन काढायचा. आपल्याकडे भिंतीला चुना मारतात तसाच समजा. म्हणून शुभ्र, एकसारखं विमान मला पटतच नाही. हिरवा-काळा आधी पूर्ण करा, वाळला की हेअरस्प्रे, म्हणजे वरचा रंग पाण्याने सुटतो, आणि त्यावर पातळ पांढरा. मग कोमट पाण्यात बुडवलेल्या ताठ ब्रशने हळूहळू घासा. पण कुठेही नको! पंखाच्या मुळाशी घासा, तिथे पाय देऊन वैमानिक चढायचा. तोफांवरच्या झाकणांच्या कडा घासा, गोळ्या भरायला ती सारखी उघडावी लागत. नाकाच्या दोन्ही बाजूंना धुराड्यांमागे मात्र घासण्याआधी काजळी द्या, मागे निमुळती होत गेलेली. त्या मेकॅनिकांनी कडाक्याच्या थंडीत उघड्यावर काम केलंय. त्यांच्या हातांची झीज दिसली तरच मॉडेल जिवंत वाटतं.

साधा_सुतार
रंगारींशी सहमत. आता विमानावरच्या लाल ताऱ्यांचं, म्हणजे सोव्हिएत खुणेचं बघा. १९४१ च्या उन्हाळ्यानंतर पंखांच्या वरच्या बाजूला सहसा तारे नसत. पंखांखाली, धडावर आणि शेपटीवर असत. पांढऱ्या आणि लाल अशा दुहेरी कडेचा तारा १९४३ च्या उत्तरार्धातला, तो लावू नका. पांढरा मारताना तारा वाचवत, त्यामुळे कित्येक फोटोंत ताऱ्याभोवती जुना हिरवा ओबडधोबड शिल्लक दिसतो. मी तिथे बारीक ब्रशनेच काम करतो.

खिडकीपाशी
दोघांचेही मनापासून आभार. तपकिरीची बाटली उघडली होती, झाकण परत लावलं. काळ्याचे पट्टे मोकळ्या हाताने की मास्किंग टेप लावून?

रंगारी
मोकळ्या हाताने. काठ किंचित धूसर राहू द्या. पांढरा मारण्याआधी एक फोटो टाका, मग धुराड्यांचं बोलू.