मदत हवी आहे: बोअर पुनर्भरणाच्या खड्ड्यात वाळू आली तशी टाकू की चाळून?

राम राम मंडळी,

यावल तालुक्यात आमची केळी आहे. बोअरचं पाणी दरवर्षी खाली जातंय म्हणून मागच्या उन्हाळ्यात बोअरभोवती पुनर्भरणाचा खड्डा केला. खाली गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर ट्रॉलीतून आली तशी वाळू. जुलैत नाल्याचं पाणी खड्ड्यावर तीन दिवस तुंबलं, आत उतरेचना. पाणी दारात आणि बोअर कोरडा, फार जिवाला लागलं.

यंदा आधी प्रयोग केला. चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला खालून जाळी बांधली, फूटभर वाळू भरली आणि वर फूटभर पाणी ओतलं. चाळून घेतलेल्या साधारण 1 मिमी दाण्यातून ते 20-25 सेकंदांत उतरलं. आईच्या मैद्याच्या चाळणीखालची, पाव मिमीच्या आसपासची वाळू घेतली तर जवळपास सहा मिनिटं. दाणा चारपट बारीक, वेळ सोळापट! गंमत म्हणजे लिटरभर वाळूच्या पोकळीत दोन्हीकडे सारखंच पाणी मावतं, 400 मिलीच्या आसपास. म्हणजे जागा तेवढीच, पण वाटा अरुंद आणि पाणी घासत जाणार ते दाणे कितीतरी जास्त. इथवर समजलं.

अडलंय पुढे. दोन्ही वाळू निम्मी-निम्मी मिसळली. वाटलं, वेळ मधली येईल. तरीही सहा मिनिटांच्या आसपासच! असं का? आणि खड्ड्यात काय टाकू? भरड टाकली तर काळ्या रानाचा गाळ थेट बोअरमध्ये जाईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद:
दादा, प्रयोग झकास केलात. मिश्रणात सरासरी चालत नाही, बारीक दाणे भरड दाण्यांच्या फटी बुजवतात. हेझन या अमेरिकन अभियंत्याने 1892 मध्ये हेच मांडलं: वजनाने 10 टक्के वाळू ज्या आकाराहून बारीक असते, तो आकार धरायचा. पाण्याचा वेग त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. तुमच्या मिश्रणात तो आकार बारीक वाळूचाच आहे. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे आणि भरड वाळूच्या पट्ट्यात पाणी झटकन मुरतं ते याच कारणाने.

काळ्या मातीचा चिकणा कण 0.002 मिमीपेक्षाही बारीक असतो, तो कुठलीच वाळू पुरता अडवत नाही. म्हणून खड्ड्याच्या आधी गाळ बसायला एक डबकं करा, निवळलेलं पाणीच आत सोडा. वाळू भरड आणि धुतलेली घ्या, एका थरातून दुसऱ्यात दाण्याचा आकार एकदम बदलू देऊ नका, नाहीतर वरची वाळू खडीत उतरते. वरचे दोन-तीन इंच दर पावसाळ्याआधी खरवडून बदला.

धागाकर्ता:
मनापासून आभार, भाऊ. मागच्या वर्षी मी वाळू धुतलीच नव्हती. डबकं किती लांब-रुंद धरू? नाल्याकडून जागा बारा फुटांचीच आहे.