आईचे देव लेकीने घ्यावेत का?

गोदाकाठची
आईचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात रामकुंडावर झालं. रविवार कारंजाजवळच्या वाड्यातली तिची खोली आता मालकाला परत द्यायची आहे. भांडी, साड्या, गाद्या मार्गी लागल्या. अडलंय ते देव्हाऱ्यापाशी. खंडोबा आणि देवीचे चांदीचे टाक (पत्र्यावर उठवलेले कुळदेव), अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण.

भाऊ पुण्यात. तो म्हणतो, आमच्याकडून रोजची पूजा होणार नाही, गंगेत (आमची गंगा म्हणजे गोदावरीच) सोडून दे. मावशी म्हणते, लेकीने माहेरचे देव न्यायचे नसतात, दोन कुळांचे देव एका देव्हाऱ्यात नांदत नाहीत. सासूबाई काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच मत असावं.

मी काही देवभोळी नाही. चतुर्थी धरते, तीही सवयीने. पण खंडोबाच्या टाकावर घोड्याचं तोंड पार सपाट झालंय. आई दर रविवारी तो रांगोळीने घासायची आणि घासताना दटावायची, "हलू नकोस रे मल्हारी." शेवटी शेवटी तिला माझं नाव आठवायचं नाही, मला 'अहो ताई' म्हणायची. कोणता टाक कुठे ठेवायचा हे मात्र कधी चुकली नाही. तो पाण्यात सोडायला हात धजत नाही. कोणी असे देव घेतलेत का?

पंचवटीकर
गंगेत अजिबात सोडू नका. रामकुंडात पडलेली चांदी पाण्यात किती वेळ राहते, आम्हाला विचारा! टाक झिजले असतील तर सराफ बाजारात त्याच चांदीत भर घालून नवे करून मिळतात.

माजघर
मावशींना एवढंच विचारा, लग्नात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सासरी कुठून आले? माहेरूनच ना? मग दोन घरचे देव आधीपासून एकत्र नांदतातच आहेत. टाकांचं म्हणाल तर ते कुळाचे, रीतीने भावाकडे जातात. पण तो गंगेत सोडायला निघालाय, तर रीत मोडतंय कोण? रोज जमत नसेल तर चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरली तरी आमच्याकडे चालतं.

गडाची वाट
नवे टाक करू नका, असं मला वाटतं. 2022 साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं लेपन काढलं आणि मूळ रूप दिसलं. सगळे हरखले. माझ्या आजीला ट्रॉलीने वर नेली, तर ती बघतच राहिली. म्हणाली, "हिचे डोळे कुठे गेले?" आम्ही समजावलं की हेच खरं, जुनं रूप आहे. हात जोडले तिने, पण उतरताना गप्प होती. तिची देवी ती शेंदराचीच. तुमच्या आईचा खंडोबाही तो सपाट घोड्याचाच असणार.

गोदाकाठची
टाक आटवणार नाही, हे ठरलं. मावशीला अन्नपूर्णेचं विचारलं. "ते वेगळं," म्हणाली. का वेगळं ते सांगेना, फोन ठेवायची मात्र घाई झाली. माझ्याच देव्हाऱ्यात खालच्या पायरीवर जागा केलीय. सासूबाईंनी न बोलता स्वतःची समई थोडी सरकवली. भाऊ चंपाषष्ठीला येतो म्हणालाय. रोडगे मी करायचे, भरीत तो करणार. वांगी पुण्याहून आणू नकोस म्हटलं, इथे चांगली मिळतात.