महिना दोन लाख हातात, तरी मध्यमवर्ग? (अनुभव धागा)

मीटरडाऊन (धागाकर्ती)

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या वर्षाला पंचवीस-तीस लाख कमावणाऱ्या घरांत "आम्ही आपली मध्यमवर्गीय माणसं" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते कितपत खरं, हे इथे कागदावर तपासायचं आहे. ज्याचा जो प्रांत त्यातलं त्याने लिहावं: पगारपत्रक, गृहकर्ज, सोसायटी, शाळा, विमा, सरकारी दाखले. घरचे किस्से नकोत, टोमणे तर नकोतच. "आमच्या वेळी" ने सुरू होणारे प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर टाका. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या पद्धतीचे धरा.

हिशेबवही

सगळ्यांना एकच उदाहरण वापरता येईल असं घर घेऊ. नवरा-बायको दोघंही नोकरीत, प्रत्येकाचा एकूण पगार वर्षाला १२ लाख ७५ हजार. ऑफर लेटरवर हाच आकडा १३ लाख ८२ हजारांच्या आसपास दिसेल, कारण सीटीसीमध्ये (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद धरलेली असते. मूळ पगार निम्मा, म्हणजे ६,३७,५०० धरला तर कंपनीचा पीएफ ७६,५०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३०,६६४. हे दोन्ही दरमहा हातात येत नाहीत.

आता कर. पगारदाराची प्रमाणित वजावट ७५ हजार, उरले १२ लाख. तिथपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. कापला जातो तो स्वतःच्या वाट्याचा पीएफ ७६,५०० आणि व्यवसाय कर २,५००. हातात महिन्याला ९९,६६७. दोघांचे मिळून दोन लाखांना सातशे रुपये कमी.

हेच २५ लाख ५० हजार एकट्याने कमावले तर? करपात्र २४ लाख ७५ हजार, कर ३,२२,५००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३,३५,४००. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता हातात १,७१,५९२. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्र नसतं, म्हणून एकाच कमाईच्या दोन घरांत महिन्याला जवळजवळ २८ हजारांचा फरक पडतो. "पंचवीस लाखांचं कुटुंब" हे शब्द ऐकले की आधी विचारा, कमावणारे किती?

एक खड्डा जाता जाता दाखवतो. पगार बरोबर १२.७५ लाख आणि वर एफडीचं १० हजार व्याज, तर सगळा कर अंगावर पडत नाही. १२ लाखांवर जेवढं उत्पन्न, तेवढाच कर (अधिक उपकर) लागतो. पण शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर ही सवलत चालत नाही, तिथे २० टक्के द्यावेच लागतात. मार्च महिन्यात लोक इथेच अडकतात.

कार्पेटएरिया

वरच्याच जोडप्याला मुंबई उपनगरात बांधकाम चालू असलेला दीड कोटीचा फ्लॅट घ्यायचा आहे असं धरू. दीड कोटीत दोन बीएचके कुठे मिळतो ते विचारू नका, हिशेब महत्त्वाचा.

७५ लाखांच्या वरच्या कर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे कर्ज १ कोटी १२ लाख ५० हजार, खिशातून ३७ लाख ५० हजार. मुद्रांक शुल्क ६ टक्के, ९ लाख. नोंदणी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, साडेसात लाख. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी या रकमा बँक किमतीत धरत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच स्वतःचे ५४ लाख ३० हजार लागतात. पार्किंग, सोसायटीचं आगाऊ देखभाल शुल्क, आतलं फर्निचर याहून वेगळं. घर खरंतर इथेच अडतं, हप्त्यावर नाही.

हप्ता ८ टक्के दराने, २० वर्षांसाठी सुमारे ९४,१००. बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या ५० ते ६० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. दोघांच्या पगारावर हा हप्ता ४७ टक्के, कर्ज मंजूर. एकाच्या पगारावर ९४ टक्के, अर्ज टेबलावरूनच परत. म्हणजे दुसरा पगार ही कर्जाची अट झाली. बाळंतपणानंतर वर्षभर घरी राहायचं किंवा कंपनीने कपात केली, की पहिल्या महिन्यापासून गाडी रुळावरून खाली. कर्ज घेण्याआधी सहा हप्त्यांची रक्कम, साधारण ५ लाख ६५ हजार, वेगळी ठेवता येत नसेल तर घर परवडत नाही असंच समजावं. फर्निचर त्यानंतर.

बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, इथे दीड लाख वाचतात. पण खरेदीदार फक्त स्त्री असेल तरच. नवऱ्याचं नाव करारनाम्यात आलं की सवलत गेली, आणि नाव नसेल तर बँक त्याचं उत्पन्न कसं धरणार ते आधी विचारून घ्या. बहुतेक बँका त्याला सहकर्जदार करतात, पण सगळ्या नाही.

सरासरीचा बळी

आता थोडं थंड पाणी. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी भारतातल्या सर्वात वरच्या ५ टक्के लोकांचा सरासरी मासिक खर्च माणशी २०,८२४ रुपये निघाला. चार माणसांच्या घराला ८३,२९६. वरच्या जोडप्याला दोन मुलं असतील तर हप्ता देऊन त्यांच्याकडे लाखाहून जास्त उरतात. कर्जाचा हप्ता या पाहणीत उपभोग म्हणून धरतच नाहीत, त्यामुळे तुलना बरोबर आहे.

पाहणीत श्रीमंत नीट सापडत नाहीत, ही शंका रास्त. म्हणून कराची आकडेवारीही धरून केलेला वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅब या विषमतेवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेचा २०२४ चा अभ्यास बघा: २०२२-२३ मध्ये भारतातल्या प्रौढ माणसाचं मधलं उत्पन्न (निम्मे लोक त्याच्या खाली, निम्मे वर) वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार, तर वरच्या १० टक्क्यांची सरासरी सुमारे साडेतेरा लाख. आपल्या उदाहरणातली प्रत्येक व्यक्ती साधारण त्या सरासरीवर उभी आहे. 'मधला' म्हणायला रांगेच्या मध्यावर तरी असावं लागतं.

पार्लेपूर्व

रांग देशाची की मुंबईची? भाडं देशाच्या सरासरीने भरता येत नाही.

सरासरीचा बळी

मुंबईची धरा. तुमच्या इमारतीतल्या पोळ्यावाल्या मावशी, वॉचमन, डिलिव्हरीवाली मुलं सगळी त्याच मुंबईच्या रांगेत आहेत, महागाई त्यांनाही तीच.

तहसीलवाडा

सरकारला विचारलं तर उत्तर खिडकीप्रमाणे बदलतं. रेशन कार्डाच्या खिडकीवर वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की पांढरं कार्ड, म्हणजे महिना साडेआठ हजारवाला आणि साडेआठ लाखवाला एकाच रंगात. लाडकी बहीण योजनेची मर्यादा कुटुंबाला अडीच लाख, आणि घरी चारचाकी नसावी, ट्रॅक्टर चालतो. शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा १ लाख. पण १० टक्के आर्थिक दुर्बल आरक्षणात तोच 'दुर्बल' शब्द ८ लाखांपर्यंत ताणलेला, महिना ६६ हजार.

म्हाडा, म्हणजे लॉटरीने घरं देणारं राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, मात्र वेगळंच सांगते. मुंबई विभागात पती-पत्नीचं मिळून उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, त्यावर उच्च. मध्यम उत्पन्न गटाची सरकारी व्याख्या हवी असेल तर ती ही: महिना ७५ हजार ते १ लाख. दोघांनी प्रत्येकी साडेसहा लाख कमावले की म्हाडाच्या लेखी उच्च उत्पन्न गट आणि आयकर खात्याच्या लेखी शून्य कर.

अर्ज करणाऱ्यांसाठी: इथे चूक होते ती फक्त स्वतःचं उत्पन्न लिहिण्याची. जोडीदाराचं विवरणपत्र नंतर मागतात आणि लॉटरीत लागलेलं घर गट चुकल्यामुळे हातचं जातं. उत्पन्न सीमेवर असेल तर पगाराबरोबर व्याजही मिळवून बघा आणि मगच गट निवडा.

खाडीपल्याड

अमेरिकेतल्या बे एरियात हाच वाद मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकला होतो. २०१८ मध्ये तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि मरीन या काउंट्यांत चार जणांच्या कुटुंबासाठी 'अल्प उत्पन्न' मर्यादा १,१७,४०० डॉलर ठरवली, आणि लाख डॉलरवाले गरीब अशा बातम्या झाल्या. ही मर्यादा एरवी त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवर बसते, पण भाडी फार असतील तिथे वर सरकवतात. ती घरासाठीच्या मदतीची पात्रता आहे, गरिबीची रेषा नव्हे.

सहीशिक्का

सोसायटीच्या वहीतलं सांगतो. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क (वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज) सगळ्या फ्लॅटना समान, चौरस फुटांवर नाही. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के. नव्या टॉवरमध्ये मात्र सोसायटी होईपर्यंत बिल्डर चौरस फुटाने घेतो, आणि जलतरण तलाव, जिम, क्लबहाउस वापरा न वापरा, पैसे द्यावेच लागतात. शुल्क महिना साडेसात हजारांवर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असली की १८ टक्के जीएसटी.

"खर्च हाताबाहेर गेला" म्हणणाऱ्यांनी यातला आपण निवडलेला किती ते बघावं. लिफ्ट गरज आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पोडियम गार्डनला गरज म्हणणं कठीण.

पार्लेपूर्व

पगारावर इतकं चाललंय, पण मुंबईत खरी रेघ दुसरीकडे आहे. वर्षाला तेच २५ लाख कमावणारी दोन घरं घ्या. एकाला आईवडिलांचा पार्ल्यातला किंवा ठाण्याच्या नौपाड्यातला फ्लॅट मिळाला, दुसरं लातूरहून येऊन वर कार्पेटएरियांनी मांडलेला हप्ता भरतंय. पहिल्याकडे दर महिन्याला ९४ हजार जास्त, वीस वर्षं. पगारपत्रक एक, वर्ग दोन. जुन्या मध्यमवर्गाकडे, म्हणजे बँक, एलआयसी, महापालिका, शाळा इथल्या नोकरदारांकडे, पगार बेताचा होता पण सहकारी सोसायटीतलं घर पगाराच्या आवाक्यात होतं. ते घर पुनर्विकासात गेलं की नातवंडांची सोय होते. म्हणून उत्पन्नाच्या रकान्याआधी 'घर कोणाचं' हा रकाना हवा.

त्यातही एक गफलत नेहमीची: सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं लोक धरून चालतात. नॉमिनी फक्त सांभाळणारा, हक्क सगळ्या वारसांचा. पुनर्विकासाचा करार यायच्या आत भावंडांची हक्कसोड पत्रं नोंदवून घ्या. नंतर प्रत्येकाला चौरस फुटाचा भाव कळलेला असतो.

मीटरडाऊन

आणि भाड्याने राहिलं तर?

कार्पेटएरिया

मुंबईत भाडं किमतीच्या वर्षाला अडीच-तीन टक्के धरू. दीड कोटीच्या घराला महिना ३१ ते साडेसदतीस हजार. हप्त्यापेक्षा निदान सुमारे ५७ हजार कमी. भाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारजमा करायचा कर) कापायचा असतो, हे फार जणांना नोटीस आल्यावर कळतं. घर न घेणं ही गरिबीची खूण नाही, पुष्कळदा उलटच. फक्त ते ५७ हजार खरोखर गुंतवले गेले पाहिजेत.

दप्तर

पहिलीची फी दीड लाख आणि दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर दहावीला ३ लाख ५४ हजार, दहा वर्षांची बेरीज सुमारे २३ लाख ९० हजार. एका मुलाची. बस, क्लास वेगळे. लोक पहिलीची फी बघून शाळा ठरवतात. बघायची असते आठवीची, कारण त्या वयात शाळा बदलणं जड जातं.

कॅशलेस

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, त्याच वेळी हप्ताही डोक्यावर असतो. स्वतःची पॉलिसी तिशीतच घ्यावी. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, तो नोकरीत असतानाच संपवून टाकावा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, जुनी पावती बघून अंदाज बांधू नका.

कोरडवाहू

२०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. अख्ख्या कुटुंबाचं, मजुरी आणि दूध धरून. सहीशिक्का यांच्या टॉवरच्या देखभाल शुल्काशी ताडून बघा. बाकी चालू द्या.

हिशेबवही

"महिनाअखेर काही उरत नाही" याची तपासणी करायची रीत सांगतो. तीन रकाने आखा: गेलेले पैसे, स्वतःकडेच गेलेले पैसे, निवडीचे पैसे.

आपल्या जोडप्याच्या पहिल्या हप्त्यात व्याज ७५,००० आणि मुद्दल १९,१००. मुद्दल दुसऱ्या रकान्यात. दोघांचा आणि दोन्ही कंपन्यांचा पीएफ मिळून वर्षाला ३ लाख ६ हजार, महिना २५,५००, तोही दुसऱ्यात. म्हणजे काहीच उरत नाही म्हणणारं हे घर महिन्याला ४४,६०० स्वतःच्याच नावावर टाकतंय, फक्त ते बँक खात्यात दिसत नाहीत. व्याज, देखभाल, विमा, आईवडिलांची औषधं पहिल्या रकान्यात. गाडीचा हप्ता, परदेश सहल, महागड्या शाळेच्या फीतला साध्या शाळेपेक्षा जास्तीचा भाग तिसऱ्यात.

तिसरा रकाना भरताना घरात भांडण होतं, विशेषतः शाळेच्या ओळीवर. ती ओळ पेन्सिलने लिहा.

दप्तर

शाळा तिसऱ्या रकान्यात? आक्षेप आहे. घराजवळ मराठी किंवा अनुदानित शाळा उरलीच नसेल तर निवड कसली?

हिशेबवही

नसेल तर पहिल्या रकान्यात घाला. पण आधी दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळांची यादी करा, महापालिकेची धरून.