अनुभव धागा: कॉलेज, एस.टी., पाऊस आणि गणपती – वेळेचं गणित कसं बसवता?

‘पहाटे चारला उठा, मोबाईल लांब ठेवा’ हे सगळ्यांना पाठ आहे, ते नको. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडच्या गावांतून कॉलेज करणाऱ्यांचा दिवस शहरातल्या वसतिगृहासारखा नसतो. गाडीची वेळ ठरलेली, लाईट बेभरवशाची, आणि घरी शेत, बाग नाहीतर होडी. वापरून टिकलेल्या रीती लिहा: किती मिनिटं, कोणत्या महिन्यात, कुठे फसतं आणि का. कहाण्या नकोत, कृती द्या. उत्तराच्या वर आपलं टोपणनाव घाला.

लांजेकर

आधी आठवड्याचे १६८ तास कागदावर मांडा. झोप रोज ७ धरून ४९. कॉलेज सहा दिवस, रोज ६ तास, म्हणजे ३६. घर ते वर्ग एका बाजूला पावणेदोन तास धरले (स्टँडवर ताटकळणं त्यातच आलं) तर २१. जेवण, आंघोळ, घरकाम रोज ३ तास, आणखी २१. उरले ४१. पण अभ्यासाचं वेळापत्रक त्या ४१ पैकी २४ तासांचंच करा. बाकीचे पाहुणे, ताप, रद्द झालेली फेरी आणि नुसतं बसून राहणं यांत जातातच. ४१ च्या ४१ भरणाऱ्याचं वेळापत्रक बुधवारी मोडतं, आणि मग तो ते कायमचं गुंडाळून ठेवतो.

गाडीत वाचायच्या नादी लागू नका, वळणांवर मळमळतं. ऐकणं जमतं. व्याख्या, कलमं, सूत्रं आपल्याच आवाजात आठ-दहा मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करा: प्रश्न, मग पाच सेकंद शांतता, मग उत्तर. ती शांतता महत्त्वाची. ती नसेल तर गाणं ऐकल्यासारखं ऐकलं जातं, डोक्यात काही राहत नाही.

विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, पण तो संपायच्या दोन दिवस आधी काढा. पहिल्या तारखेची रांग एक लेक्चर खाते. वस्तीच्या गाडीवर (रात्री गावात मुक्काम करून सकाळी सुटणारी एस.टी.) सकाळचं लेक्चर अवलंबून असेल तर ती आली नाही तर वडाप (माणशी भाडं घेणारी खाजगी गाडी) कुठून आणि किती वाजता मिळते, हे जूनमध्येच विचारून ठेवा.

भातशेती आणि बी.कॉम.

वर्षाचं कॅलेंडर घेऊन आधी घरची कामं लाल पेनाने लिहा, अभ्यास नंतर. जुलैत भाताची लावणी. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात कापणी, आणि नेमकी त्याच सुमारास पहिल्या सत्राची परीक्षा. फाल्गुनात शिमगा, पालखी घरी येणार. मार्च ते मे आंबा, त्यातच दुसऱ्या सत्राची परीक्षा. म्हणजे दोन्ही परीक्षा हंगामात येतात, ‘परीक्षेच्या आधी पंधरा दिवस घेऊ’ हा बेत इथे चालत नाही. पहिल्या सत्राचं पहिलं वाचन सप्टेंबरअखेर झालेलं हवं. ऑक्टोबरात रोज दीड तासच मिळणार असं धरा आणि त्यात फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा.

गणपतीची तारीख दरवर्षी नव्याने बघा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती १४ सप्टेंबरला गेली. अडीच आठवड्यांचा फरक पडला की असाइनमेंट, चाचण्या सगळं सरकतं. चतुर्थीच्या दोन दिवस आधी जमा करायचं ते करून मोकळं व्हा. त्या दिवसांत रात्री भजनं, आरत्या, दुपारी माणसांची ये-जा. पुस्तक घेऊन बसलं तर अभ्यासही होत नाही आणि गणपतीही होत नाही.

हजेरीचंही बजेट असतं. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन; १ क्रेडिट थिअरी म्हणजे १५ तास. चार क्रेडिटच्या विषयाला ६० लेक्चरं, ७५ टक्क्यांच्या नियमाने १५ चुकली तर चालतात. दोन क्रेडिटच्या विषयाला मात्र ७ च. बहुतेकांची हजेरी दोन क्रेडिटच्या विषयातच अडकते, कारण सगळीकडे सारखीच दांडी मारलेली असते. लावणीसाठी घरी राहायचं तर तो वार कोणत्या विषयाचा ते आधी बघा.

मालवणवाली

वरच्यांक एकच सांगणा, गणपतीक घराक जावचाच लागता, तेव्हा जाताना पुस्तकांची पिशवी नेव नको. एक वही पुरे.

केमिस्ट्री लॅब

जर्नलबद्दल, म्हणजे प्रयोगवहीबद्दल, कुणीच लिहिलं नाही! सही-शिक्का झालेल्या (प्रमाणित) जर्नलशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला उभं राहता येत नाही, म्हणून थिअरीपेक्षा याचा नंबर वर.

रीत अशी. आकडेमोड लॅबमध्येच, उपकरणं उचलायच्या आधी. रीडिंग चुकलेलं असेल तर तिथेच कळतं आणि पुन्हा घेता येतं. उतरवून काढणं त्याच संध्याकाळी, साधारण ४० मिनिटं. सही पुढच्याच प्रॅक्टिकलला. तेच सहा प्रयोग साठवले तर एकेकाला दुप्पट वेळ लागतो, कारण कच्च्या वहीतला ‘२२.४’ हा ब्युरेटचा (द्रव मोजायच्या नळीचा) आकडा की तापमान, हे आठवत नाही. कच्च्या वहीत एककं लिहाच.

पावसात कागद सादळतो. जेल पेनची शाई पसरते, आलेखाचा कागद फुगतो. बॉलपेन वापरा, जर्नल प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवा. नोट्सच्या पीडीएफ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या. वादळी रात्री लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते.

निवृत्त मास्तर, सावंतवाडी

प्रोजेक्टसाठी ‘आठ दिवसांत होईल’ म्हणणाऱ्यांनी एक अभ्यास लक्षात ठेवावा. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिनसलं तर किती, याचा अंदाजही ४८.६ च होता. तेव्हा आपला अंदाज दीडपटीने वाढवा, आणि सर्वेक्षण असलेल्या प्रोजेक्टला दुपटीने. फॉर्म भरून देणारी माणसं तुमच्या वेळापत्रकाने चालत नाहीत.

दुसरं, पुन्हा पुन्हा वाचणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवलं, आणि न बघता लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. वाचल्याचं समाधान वाटतं तेच फसवं. धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, मग राहिलं तेवढंच बघावं. हेच तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी.

अकाउंट्स

मास्तरांशी सहमत. मात्र २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी ही सध्याची फॅशन हिशेबाच्या पेपराला जमत नाही. ताळेबंद अर्ध्यावर सोडून उठलं की परत पहिल्या ओळीपासून. एक मोठा प्रश्न संपेपर्यंत उठायचं नाही, मग दहा मिनिटं पडवीत फिरा. पाठांतराला २५ मिनिटं ठीक.

हर्णै बंदर

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. मच्छीमार घरातल्या मुलांना निवांत महिने ते हेच, आणि कॉलेजचा वेग तेव्हा मंद असतो. पहिल्या सत्राच्या सगळ्यात अवघड विषयाची दोन युनिट त्यातच संपवा. ऑगस्टनंतर संध्याकाळच्या लिलावाला घरची माणसं बंदरावर, घर तुमच्या अंगावर. तेव्हा रात्रीवर भिस्त ठेवू नका, पहाटेचा एक तास धरा.

कार्यालयीन

कोणतं काम आधी, यावर आमचा साधा नियम: ज्यात दुसऱ्याची सही लागते ते आधी सुरू करा. महाडीबीटीची (सरकारी ऑनलाइन पोर्टलवरची) शिष्यवृत्ती हे ठळक उदाहरण. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवा दाखला कॉलेज उघडायच्या आधीच सेतूत (दाखल्यांच्या सरकारी केंद्रात) टाका. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते त्याच फेरीत बघा, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. अर्ज भरला म्हणजे संपलं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, आठवड्याने खिडकीवर जाऊन कुठे आहे ते विचारा. शेवटच्या आठवड्यात साईट सुस्तावते, आणि एका चुकीच्या स्कॅनसाठी गाव ते तालुका अख्खा दिवस जातो.

प्रथम वर्ष, कुडाळ

एन.एस.एस. (राष्ट्रीय सेवा योजना) घेऊ की नको? घरचे म्हणतात वेळ जाईल.

लांजेकर

वर्षाला १२० तास. सात दिवसांचं शिबिर वेगळं. शिबिर कुठल्या महिन्यात आहे ते आधी विचारा, आणि त्या आठवड्यात जर्नलची सही किंवा चाचणी येते का ते बघा. येत नसेल तर घ्या. अभ्यासाच्या त्या २४ तासांतले आठवड्याला अडीच-तीन त्यालाच जातील, तेवढे वजा करून उरलेलं वेळापत्रक मांडा.

केमिस्ट्री लॅब

सायन्सला असशील तर प्रॅक्टिकलची बॅच कोणत्या दुपारी ते बघून मगच नाव दे. बॅच बदलून मिळते, पण पहिल्या पंधरवड्यातच.