विषय: कोजागिरीनंतरची कमाटीबाग, सव्वासहा की सात?

सचिव
नमस्कार मंडळी. रविवारची वडोदऱ्याच्या कमाटीबागेतली पक्ष्यांची फेरी ठरल्याप्रमाणे. सकाळी सव्वासहाला काळ्या घोड्याच्या दरवाजाशी. दुर्बिणींच्या कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आहे.

माई, रावपुरा
दादा, शनिवारी कोजागिरी आहे, विसरलात का? दुधात चंद्र दाखवायचा म्हणजे बारा वाजणार. मग कढया घासून घरी जाईपर्यंत दीड. सव्वासहा मला जमणार नाही. सात करा.

तात्या
माई, सातला बागेत पक्ष्यांपेक्षा चालायला येणारी माणसं जास्त असतात. आता सूर्य साडेसहानंतर उगवतो, आणि उजाडल्यावरचा पहिला तासच खरा. रात्रभर उपाशी असलेले पक्षी तेव्हाच खायला बाहेर पडतात. मागच्या खेपेला वडावर राखी धनेशांची जोडी होती ती आठवा. चोचीच्या टोकात फळ धरायचं, मान मागे झटकायची आणि फळ उडवून थेट घशात घ्यायचं. आम्ही चौघांनी दहा मिनिटं मान खाली केली नाही. उशिरा आलेल्यांना नुसता वड दिसला. यंदा कोणाचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वहिनी, मांजलपूर
धनेश म्हणजे चिलोत्रोच ना? आमच्या शेजारच्या बेन गुजरातीत तेच म्हणतात. माझी दोन्ही मुलं येणार आहेत. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो, हे त्यांना झाडाखाली उभं करून कोणीतरी सांगा. ढोली बघायला मिळेल का?

तात्या
हो, चिलोत्रोच. पण ढोलीचा मोसम उन्हाळ्यात, आत्ता नाही. मुलांना म्हणावं, धोबी पक्षी शोधा. हिरवळीवर शेपटी वरखाली करत पळतो, हिवाळ्याचा पाहुणा आहे, नुकताच आला असेल. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, दिसल्या तर आणखी उत्तम. नदीच्या काठावर मात्र एकट्याने सोडू नका, विश्वामित्रीत मगरी आहेत.

खजिनदार
किल्ली माझ्याकडेच आहे, पण दुर्बीण वहीत सही केल्याशिवाय मिळणार नाही. गेल्या वर्षी मोठी, १०×५० ची (दहापट जवळ दाखवणारी, ५० मिमी भिंगाची), भिंगावर बोटांचे ठसे घेऊन परत आली. तिच्यासाठी मी वर्गणीला दारोदार फिरलो आहे.

अण्णा
खजिनदारसाहेब, मोठी कपाटातच राहू द्या. दहापट जवळ दाखवते खरी, पण हाताची थरथरही दहापट दाखवते. आम्हा साठीच्या माणसांना ८×४२ बरी. वजनाला हलकी, नजरेत झाडाचा जास्त भाग येतो, पक्षी चटकन सापडतो. आणि पट्टा आधी गळ्यात, मग झाकण काढायचं. ठसे सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, भिंगावर चरे पडतात.

माई
दुर्बिणीचं राहू द्या. वेळेचं काय?

धाकटे जोशीकाका
त्यापेक्षा वढवाणाला जाऊ. सयाजीरावांच्या काळचा तलाव, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. एकदा बस करू, सगळे येतील.

तात्या
काका, वढवाणा डिसेंबर-जानेवारीत. बदकं आणि हंस तेव्हा भरून येतात. बसचं मी बघतो, पण या रविवारी बागच.

सचिव
माईंचं बरोबर आहे, दर वर्षी कढया त्यांच्याच गळ्यात पडतात. या वेळी दूध साडेनऊला चुलीवर चढवू, अकराला प्रसाद. कढया मी आणि मुलं घासू, माईंनी हात लावायचा नाही. फेरी सव्वासहालाच.

माई
मग येते. पण दूध आटायला दोन तास लागतात, साडेनऊ उशीर झाला, नऊला चढवा. सतत ढवळायला एक माणूस लागेल. आणि फेरीनंतर शेवउसळ खायला जायचं असेल तर आत्ताच सांगा, मी घरी पोहे करणार नाही.

खजिनदार
शेवउसळीचे पैसे ज्याचे त्याने. सहीची वही मी सहालाच घेऊन येतो.