२२ किलोमीटरच्या १५५० नॅनोमीटर लिंकवर वरच्या चॅनेलांचे विरूपण कसे कमी करावे?

प्रश्न
नमस्कार. माझ्या केबल नेटवर्कमध्ये १५५० नॅनोमीटरचा, लेझरलाच थेट सिग्नल देणारा ट्रान्समीटर असून त्यावरून २२ किलोमीटर दूरच्या एका गावातील नोडपर्यंत (प्रकाशाचे पुन्हा विद्युत सिग्नल करणाऱ्या पेटीपर्यंत) ६४ क्वाम या डिजिटल मॉड्युलेशनचे चॅनेल जातात. ट्रान्समीटरच्या तोंडाशी सर्व चॅनेलांचा एमईआर (सिग्नलच्या शुद्धतेचे माप, जितके जास्त तितके चांगले) ३७ डीबीच्या आसपास असतो. नोडवर मात्र खालच्या चॅनेलांना ३३ आणि ७०० मेगाहर्ट्झच्या वर जेमतेम २६ डीबी मिळतो. चित्र फुटत असल्याचे फोन रोज येतात. नोडवर प्रकाश उणे २ डीबीएम आहे. विक्रेता प्रकाश वाढवणारा, अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर घ्यायला सांगतो. त्याने फरक पडेल का?

उत्तर १
माझ्या मते पडणार नाही. प्रकाश कमी पडत असता तर सगळेच चॅनेल सारखे खाली आले असते. खर्च करण्यापूर्वी विरूपण, म्हणजे सिग्नलचा आकार बिघडणे, नेमके कुठे निर्माण होते, ते पाहा. प्रथम ट्रान्समीटरला जाणारा आरएफ (चॅनेलांचा विद्युत) सिग्नल २ डीबीने कमी करा. एमईआर सुधारला तर लेझरवर भार जास्त होता आणि सिग्नलचे तळ कापले जात होते, असे समजावे. उलट तो घसरला तर तो दोष नाही. मग फायबर काढून त्या जागी तेवढ्याच घटीचा ऑप्टिकल ॲटेन्युएटर (प्रकाश ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) लावा आणि नोड शेजारी ठेवून मोजा. तेथे आकडे चांगले आले तर ट्रान्समीटर व नोड दोन्ही निर्दोष असून बिघाड वाटेतला आहे. वाटेतला प्रत्येक कनेक्टरही उघडून पाहा.

प्रश्नकर्ता
आपण सांगितल्याप्रमाणे केले. आरएफ कमी केल्यावर एमईआर किंचित घसरला. ॲटेन्युएटरवर सगळे चॅनेल ३६ डीबी दाखवतात. वाटेतल्या एका पेटीत हिरव्या ॲडॉप्टरमध्ये निळ्या टोकाची पॅचकॉर्ड खोचलेली सापडली. ती बदलल्यावर खालचे चॅनेल ३५ वर गेले, पण वरचे २८ वरच अडले आहेत.

उत्तर २
निळी पॅचकॉर्ड सापडली हे फार चांगले झाले. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, म्हणून परतणारा प्रकाश गाभ्याबाहेर निघून जातो. त्यावर सरळ टोक टेकले की मध्ये हवेची फट राहते आणि परावर्तन होते. अशा दोन जागा असल्या की त्यांच्यात फिरून आलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून गोंगाट वाढवतो. म्हणून एक सापडली तरी दुसरी शोधत राहावे.

उरलेला दोष अपस्करणाचा, म्हणजे फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाण्याचा, दिसतो. लेझरचा प्रवाह बदलताना प्रकाशाची तीव्रताच नव्हे, तरंगलांबीही किंचित हलते. साध्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला अपस्करण दर किलोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर असते. त्यामुळे ती हललेली तरंगलांबी पुढे-मागे पोहोचते आणि द्वितीय क्रमाचे विरूपण (दोन-दोन वारंवारता मिसळून उठणारे नको ते सिग्नल) तयार होते, जे अंतर आणि वारंवारता या दोन्हींबरोबर वाढत जाते. आपले वरचे चॅनेलच बिघडण्याचे कारण हेच असावे. प्रकाश वाढवून ते जात नाही.

एकाच नोडचा प्रश्न असेल तर १३१० नॅनोमीटरचा ट्रान्समीटर मला सर्वांत सरळ वाटतो, कारण तेथे अपस्करण जवळपास शून्य असते. घट मात्र किलोमीटरला सुमारे ०.३५ डीबी, म्हणजे २२ किलोमीटरला ७.७ डीबी धरावी. पुढे आणखी गावे जोडायची असतील तर बाह्य मॉड्युलेटरचा १५५० चा ट्रान्समीटर घ्या. त्यात लेझर स्थिर जळत राहतो आणि सिग्नल लिथियम नायोबेटच्या स्फटिकात दिला जातो. मॉड्युलेटर बरोबर मध्यबिंदूवर ठेवला तर सम क्रमाचे विरूपण नाहीसे होते. उरलेले तृतीय क्रमाचे विरूपण पूर्वविरूपणाच्या, म्हणजे सिग्नल आधीच उलट दिशेने वाकवणाऱ्या, सर्किटने कमी करतात. तापमानाने तो मध्यबिंदू सरकतो, म्हणून तो स्वतः सांभाळणारे सर्किट यंत्रात आहे ना, हे विचारून घ्या. अशा अरुंद रेषेच्या (जवळपास एकाच तरंगलांबीच्या) लेझरमधून फायबरमध्ये जास्त शक्ती ढकलली तर ब्रिल्वाँ प्रकीर्णनामुळे प्रकाश मागे फिरू लागतो. म्हणून त्या यंत्राची ब्रिल्वाँ मर्यादा किती डीबीएम आहे ते तपासून ॲम्प्लिफायरचा आउटपुट तिच्या खालीच ठेवा.